‘द हाऊस ऑफ द स्पिरिट्स’च्या प्रेमात पडलेल्यांसाठी आणि पडू बघणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिलीच्या लेखिका इसाबेल अलेंदेची ही कादंबरी मी आत्तापर्यंत चार वेळा वाचलीये आणि दरवेळी कुणाला ना कुणाला तरी वाचायला लावलीये, त्यामुळे वाचणाऱ्यांचे प्रश्नही माझ्याकडेच येतात, रात्री दीड वाजता मेसेज येतो की अगं, तिनं बोलणंच का सोडलं, आणि मग मी झोप सोडून उत्तर टाइप करत बसते. तेच प्रश्न आणि तीच उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतेय. शेवट फोडलेला नाही, पण मधल्या काही घटना आल्याशिवाय बोलताच येत नाही, तेव्हा ज्यांना कोरं करकरीत वाचायचंय त्यांनी पहिले चार प्रश्न वाचून थांबा आणि बाकीचे पुस्तक संपल्यावर वाचा.

थोडक्यात सांग, गोष्ट काय आहे?

एका घराण्यातल्या चार पिढ्यांच्या बायका. निवेआ, तिची मुलगी क्लारा, क्लाराची मुलगी ब्लांका, ब्लांकाची मुलगी आल्बा. आणि या सगळ्यांच्या मधोमध एक पुरुष, क्लाराचा नवरा एस्तेबान त्रुएबा, कष्टाळू, संतापी, गरिबीतून वर आलेला जमीनदार, पुढे सिनेटर, जो नव्वदीपर्यंत जगतो आणि सगळ्यांचं सगळं बघतो. काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९७३ च्या लष्करी उठावापर्यंतचा. देशाचं नाव पुस्तकात कुठेही येत नाही, पण तो चिली आहे हे लपून राहत नाही.

पण खरं सांगू का, एवढं सांगून काहीच सांगितल्यासारखं होत नाही. माझ्यासाठी ही वह्यांची गोष्ट आहे. क्लारा लहानपणापासून वहीत लिहीत असते, घरात कोण आलं, कोण गेलं, काय स्वप्न पडलं, कुणी काय बोललं, आणि या वह्यांना ती ‘जगणं नोंदवायच्या वह्या’ म्हणते. ती कुणासाठी लिहिते हे तिलाही माहीत नसतं. पन्नास वर्षांनी त्या वह्या कुणाच्या तरी कामी येतात आणि कशा कामी येतात ते कळतं तेव्हा माझ्या हातातलं पुस्तक खरंच थरथरत होतं.

मॅजिक रिअॅलिझम म्हणजे फँटसीच ना? मला फँटसी नाही आवडत.

नाही, आणि हा फरक एका प्रसंगावरून पटकन कळेल.

एस्तेबानची बहीण फेरुला, तिला त्याने घरातून हाकलून दिलेलं असतं, वर्षं उलटून गेलेली असतात, तिचा काही पत्ता नाही. एका संध्याकाळी सगळं घर जेवायला टेबलाशी बसलंय. दार उघडतं, फेरुला आत येते, सगळ्यांच्या देखत चालत क्लाराजवळ जाते, तिच्या कपाळाचं हलकेच चुंबन घेते आणि आली तशी निघून जाते. क्लारा म्हणते, फेरुला वारली. मग नवराबायको तिला शोधत निघतात आणि गरीब वस्तीतल्या एका खोलीत तिचा मृतदेह सापडतो.

यात लेखिका कुठेही ‘आश्चर्य म्हणजे’ म्हणत नाही. भूत होतं की भास होता, असा वाद घालत नाही. आपल्या घरातलं कुणी जुनं माणूस जसं सांगतं की त्या रात्री ती येऊन गेली गं, आणि सांगता सांगता निवडलेली भाजी बाजूला ठेवतं, तसंच. फँटसीत वेगळं जग असतं, त्याचे वेगळे नियम असतात. इथे जग हेच आहे, त्यात इलेक्शन आहे, पगार आहे, संप आहे, भूकंप आहे, आणि त्याच जगात मीठदाणी टेबलावर आपोआप सरकते कारण क्लारा तिच्याकडे बघतेय.

शब्दाचा इतिहास हवाच असेल तर तो मुळात चित्रकलेतला. फ्रान्झ रो या जर्मन समीक्षकाने १९२५ मध्ये त्या काळच्या चित्रांबद्दल तो वापरला. पुढे १९४९ मध्ये अलेहो कार्पेंतिएर या क्युबन लेखकाने हैतीवरच्या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत म्हटलं की लॅटिन अमेरिकेत अद्भुत गोष्टी शोधून आणाव्या लागत नाहीत, तिथल्या वास्तवातच त्या आहेत. माझ्या मते ही कादंबरी वाचताना कार्पेंतिएरचं म्हणणं जास्त उपयोगी पडतं.

पहिली साठ पानं वाचली, काही कळेना, सोडून देऊ का?

नको नको. सुरुवातीला खूप काही अंगावर येतं हे मान्य, समुद्रमार्गे आलेला बाराबास नावाचा कुत्रा येतो जो वाढता वाढता थांबतच नाही, उडणारं यंत्र बनवणारे मार्कोसमामा येतात, हिरव्या केसांची रोझा येते आणि लगेच मरते, आणि वाटतं की अरे, नेमकं लक्ष कुणाकडे द्यायचं. उत्तर आहे क्लाराकडे. कोपऱ्यात बसलेली ती दहा वर्षांची मुलगी, बस. तिला धरून ठेवा, बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

आणि एक, ही कादंबरी पाच पाच पानं करून वाचू नका. चौदा प्रकरणं आणि शेवटी उपसंहार आहे, प्रकरणं लांब आहेत, संवाद कमी, परिच्छेद मोठे. एका बैठकीत एक प्रकरण असं वाचलं तर तिची चाल सापडते. मी पहिल्यांदा तुकड्यातुकड्यांत वाचत होते तेव्हा दर वेळी पुन्हा सुरुवात केल्यासारखं वाटायचं.

इतकी माणसं लक्षात कशी ठेवायची? फॅमिली ट्री काढू का?

काढा, पण छापलेला नेटवरून घेऊ नका, त्यात कुणाचं लग्न कुणाशी झालं हे आधीच कळतं आणि मजा जाते. माझ्या प्रतीच्या मागच्या कोऱ्या पानावर मी पेन्सिलने काढला होता, वाचत जाईन तसा, त्यात दोनदा खोडाखोड आहे कारण एका मुलाचा बाप मी चुकीचा धरला होता, आणि ते खोडलेलं नाव आजही तिथे दिसतं. तुमचाही असाच खोडाखोड असलेला होऊ दे.

खरं तर इथे नावं फार सोपी केली आहेत. निवेआ म्हणजे हिमासारखी, क्लारा म्हणजे उजळ, ब्लांका म्हणजे पांढरी, आल्बा म्हणजे पहाट. चौघींची नावं एकाच उजेडाची. आल्बाच्या वेळी तर समानार्थी शब्दांच्या कोशातून नाव शोधलं जातं, कारण क्लाराचा हट्ट असतो की घरात एकच नाव दोनदा ठेवायचं नाही, त्याने वह्यांमध्ये गोंधळ होतो. एस्तेबानला जुळ्या मुलांपैकी एकाला स्वतःचं नाव द्यायचं असतं, तिथेही ती ऐकत नाही, आणि मुलांची नावं हाइमे आणि निकोलास ठेवली जातात.

आता इथे एक गोष्ट आहे जी मला तिसऱ्या वाचनात दिसली आणि मी पुस्तक खाली ठेवून खोलीत फेऱ्या मारल्या. मोठ्या घरात नाकारलं गेलेलं हे ‘एस्तेबान’ नाव गायब होत नाही. ते शेतावरच्या झोपडीत जिवंत असतं. एस्तेबानने तरुणपणी पांचा गार्सिया या कुळाच्या मुलीवर बलात्कार केलेला असतो, तिच्या मुलाचं नाव एस्तेबान असतं, त्याच्या मुलाचंही एस्तेबान. बापाचं नाव मिळालं, बाकी काहीच मिळालं नाही, ना आडनाव, ना जमीन, ना साधी विचारपूस. तो नातू पुढे परत येतो. कसा येतो ते सांगत नाही, पण पांचाचं प्रकरण वाचताना ती बाजूची, विसरून जाण्यासारखी मुलगी आहे असं समजून पुढे जाऊ नका, जी चूक मी केली होती.

गोष्ट सांगतंय कोण? मध्येच ‘मी’ येतो तो कुणाचा?

हा गोंधळ सगळ्यांचा होतो. बहुतेक भाग तिसऱ्या व्यक्तीत आहे, पण मध्ये मध्ये एस्तेबान स्वतः ‘मी’ म्हणून बोलायला लागतो, म्हाताऱ्या वयात, मागे वळून बघत, आणि आपली बाजू मांडत. आणि अगदी सुरुवातीलाही एक ‘मी’ आहे, जी म्हणते की क्लाराच्या वह्यांवरून मी हे लिहितेय. ती कोण हे शेवटी उघड होतं. तोवर एवढंच लक्षात ठेवा की जेव्हा जेव्हा एस्तेबान बोलतो तेव्हा तो कुणाला तरी सांगतोय, कुणीतरी त्याला बसवून घेतलंय आणि म्हणालंय, बोला, मी लिहून घेते.

ही मार्केझची कॉपी आहे असं ऐकलं, खरं का?

हा प्रश्न आला की मी जरा तावातावाने बोलते, तेव्हा सांभाळून घ्या.

कोलंबियन लेखक गॅब्रिएल गार्सिया मार्केझची ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ १९६७ मध्ये ब्युनोस आयरेसला छापली गेली, अलेंदेची ही कादंबरी १९८२ मध्ये बार्सिलोनाहून आली, म्हणजे मधे पंधरा वर्षं. मार्केझशिवाय ही कादंबरी अशी झालीच नसती हे कुणीही नाकारणार नाही, अनेक पिढ्या, एक घर, अलौकिक गोष्टी सहज सांगणं, हिरव्या केसांची रोझा वाचताना चादरींसकट आकाशात जाणारी त्याची रेमेदियोस आठवतेच. त्रुएबांच्या कोपऱ्यावरच्या त्या मोठ्या घराची हवा त्याच खिडकीतून आलीये.

पण पुढे बघा काय होतं. मार्केझकडे तीच तीच नावं परत येतात, आउरेलियानो आणि होसे आर्कादियो यांची रांग लागते आणि त्यामुळे काळ गोल फिरतोय असं वाटतं. इथे क्लारा ती पुनरावृत्ती ठरवून मोडते. तिकडे कादंबरीतली हस्तलिखितं संस्कृतात असतात (हो, खरंच संस्कृतात, मेल्कियादेस या जिप्सीची ती मातृभाषा) आणि ती वाचता येतात तेव्हा सगळं संपत आलेलं असतं. इकडे वह्या साध्या घरगुती भाषेत आहेत, ज्या बाईने लिहिल्या तिची नात त्या उघडते आणि त्यामुळे काहीतरी सुरू होतं. एकीकडे वाचणं म्हणजे शेवट आणि दुसरीकडे वाचणं म्हणजे जगायचं कारण, आता याला कॉपी कसं म्हणायचं. मला वाटतं हे एका मुलीने घरातल्या मोठ्याला दिलेलं उत्तर आहे.

दोन्ही वाचा. आधी कुठली वाचली याने फार फरक पडत नाही. ज्यांना माणसांच्या मायेने पुस्तकात शिरायला आवडतं त्यांना मी अलेंदे आधी देते.

हे सगळं लेखिकेच्या घरात खरंच घडलंय का?

बरंचसं घरातूनच आलंय. अलेंदेने स्वतः अनेकदा सांगितलंय की क्लारा तिच्या आजीवरून आली, त्या आजीला परलोकातल्यांशी बोलायची आवड होती आणि घरात तशा बैठका व्हायच्या. एस्तेबानमध्ये तिचे आजोबा आहेत.

आणि पुस्तक कसं सुरू झालं ते तर कादंबरीइतकंच हलवून टाकणारं. १९७३ च्या उठावानंतर १९७५ मध्ये तिने चिली सोडलं आणि नवरामुलांसह व्हेनेझुएलात काराकासला राहायला गेली. तिथे ती शाळेत नोकरी करायची. ८ जानेवारी १९८१ ला कळलं की सांतियागोत आजोबा शेवटच्या घटका मोजतायत, शंभरीला आलेले, आणि तिला परत जाणं शक्य नव्हतं. मग तिने त्यांना पत्र लिहायला घेतलं, की तुम्ही मला सांगितलेल्या सगळ्या गोष्टी मला आठवतात, तुम्ही निर्धास्त जा. दिवसभराची नोकरी संपवून रात्री स्वयंपाकघरात टाइपरायटरवर लिहायची. आजोबा ते पत्र वाचायला राहिले नाहीत पण पत्र थांबलंच नाही आणि वर्षभरात पाचशेच्या आसपास पानं झाली. लॅटिन अमेरिकेतल्या प्रकाशकांनी नकार दिला, मग ते बाड बार्सिलोनाच्या कार्मेन बाल्सेल्सकडे गेलं, मार्केझचीही एजंट तीच. तेव्हापासून आजतागायत अलेंदे प्रत्येक नवं पुस्तक ८ जानेवारीलाच सुरू करते.

हे कळल्यावर एस्तेबानचे ते ‘मी’वाले भाग परत वाचा. परदेशात अडकलेली एक नात आपल्या हट्टी, जुन्या विचारांच्या आजोबांना बोलू देतेय. त्यांच्याशी तिचं पटत नाही, तरी त्यांचा शब्द ती तोडत नाही.

चिलीचा इतिहास माहीत नसेल तर समजेल का?

समजेल. पण चार गोष्टी माहीत असल्या तर शेवटची काही प्रकरणं जास्त खोल जातात, म्हणून सांगते.

पुस्तकात ‘उमेदवार’ आणि नंतर ‘राष्ट्राध्यक्ष’ म्हणून येतो तो साल्व्हादोर अलेंदे, १९७० मध्ये निवडून आलेला समाजवादी नेता आणि लेखिकेच्या वडिलांचा चुलतभाऊ. ‘कवी’ म्हणून येतो तो पाब्लो नेरुदा. ११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने सत्ता घेतली, राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यावर विमानांनी बॉम्ब टाकले, साल्व्हादोर अलेंदेचा त्याच दिवशी तिथेच अंत झाला. नेरुदा २३ सप्टेंबरला गेला आणि त्याची अंत्ययात्रा ही नव्या राजवटीविरुद्धची पहिली जाहीर निदर्शनं ठरली, लोक सैनिकांच्या समोरून चालत त्याचं नाव पुकारत होते. कादंबरीत ही अंत्ययात्रा आहे, पान संपेपर्यंत श्वास रोखला जातो. उठाव करणारा लष्करशहा पिनोचे, त्याची राजवट १९९० पर्यंत चालली, मारले गेलेले आणि बेपत्ता झालेले लोक ३,००० च्या वर. आणि कादंबरी आली १९८२ मध्ये, म्हणजे हे सगळं चालू असताना. मागे वळून निवांत लिहिलेला इतिहास नाहीये हा.

निवेआ बायकांच्या मताधिकारासाठी झगडत असते, तेही लक्षात ठेवा. चिलीत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत बायकांना मत द्यायचा हक्क मिळाला १९४९ मध्ये. निवेआच्या हयातीत नाहीच.

नावं का नाही घेतली मग? सरळ चिली, नेरुदा असं लिहिता आलं असतं की.

माझा अंदाज असा की घरात आपण मोठ्या माणसांची नावं घेत नाही, हे, ते, आमचे कवी, असंच म्हणतो. नाव न घेतल्यामुळे तो देश त्या घराचाच भाग होऊन बसतो.

क्लारा बोलणं का सोडते?

रात्री दीडचा प्रश्न हाच. रोझा, तिची मोठी बहीण, वडिलांसाठी आलेल्या दारूत विष असतं ते चुकून तिच्या पोटात जातं. त्याच्या आदल्याच दिवशी क्लारा म्हणालेली असते की घरात अजून एक मृत्यू होणार, पण चुकून. मग रात्री स्वयंपाकघरात डॉक्टर आणि त्याचा मदतनीस शवविच्छेदन करतात आणि क्लारा अंधारात खिडकीपाशी उभी राहून ते सगळं बघते. ती हलू शकत नाही, तिथून जाऊही शकत नाही. पहाटे अंथरुणात शिरते आणि नऊ वर्षं एक शब्द बोलत नाही. घरचे डॉक्टर आणतात, नाना, म्हणजे घरातली जुनी दाई, तिला घाबरवायला भुताटकीचे वेष करून येते, काही होत नाही. एकोणिसाव्या वर्षी तोंड उघडते ते थेट सांगायला, की माझं लवकरच लग्न होणार आहे.

पहिल्यांदा वाचताना मला वाटलं की धक्का बसला म्हणून. ते आहेच. पण एक दहा वर्षांची मुलगी असाही विचार करत असेल ना की मी बोलले आणि ते झालं, मग आता बोलायचंच नाही. हे पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं नाही, मी म्हणतेय. आणि अर्धं पुस्तक झाल्यावर एस्तेबान तिला मारतो, तिचे पुढचे दात पडतात, त्यानंतर ती मरेपर्यंत नवऱ्याशी एक शब्द बोलत नाही. त्याच घरात राहते, त्याच्या सिनेटरकीच्या जेवणावळींना हजर असते, काही सांगायचं असेल तर दुसऱ्याकरवी सांगते. आरडाओरडा नाही, भांडण नाही. मीठदाणी हलवणं, भविष्य दिसणं, ते सगळं बाजूला ठेवा, या बाईची खरी ताकद या दोन मौनांत आहे. दुसऱ्या मौनापुढे एस्तेबानसारखा माणूस हतबल होतो.

शेवटच्या भागात जादू जवळजवळ गायबच होते, लेखिका कंटाळली का?

अजिबात नाही, माझ्या लेखी हीच या कादंबरीतली सगळ्यात धाडसी गोष्ट आहे.

बघा, सुरुवातीला पानोपानी काही ना काही असतं. एस्तेबानच्या शेतावरचा म्हातारा कूळ पेद्रो गार्सिया शेतातल्या मुंग्यांशी बोलून त्यांना बाहेर काढतो, भूकंपात हाडं मोडलेल्या एस्तेबानला आंधळेपणी नुसतं चाचपून बरा करतो. क्लारा कोपऱ्यावरच्या घराला खोल्या जोडत जाते, पुढून घर सभ्य आणि मागे नुसता भुलभुलैया, कुठेच न जाणारे जिने. मग आल्बाच्या सातव्या वाढदिवशी क्लारा जाते आणि घर उतरणीला लागतं, बाग वाळते, पाहुणे थांबतात. आणि उठावानंतर जे घडतं ते इतकं साधं, कोरडं, जवळजवळ बातमीसारखं लिहिलंय. तुरुंग, डोळ्यांवरची पट्टी, आवाज. तिथे जादूची उपमा वापरली असती तर ते सहन करणं सोपं झालं असतं, आणि तिने ते सोपं केलेलं नाही.

पण एकदा, फक्त एकदा, सगळ्यात अंधाऱ्या जागी क्लारा परत येते. दारं उघडायला नाही, कुणाला सोडवायला नाही. ती येऊन सांगते की मनातल्या मनात लिही. कागद नाही, पेन नाही, तरी लिही. बास, अजून सांगत नाही.

मला एस्तेबान आवडायला लागलाय, हे चुकीचं आहे का?

चुकीचं नाही, पण डोळे उघडे ठेवून आवडू द्या. तो त्रेस मारियासची उजाड शेती एकट्याने उभी करतो, कुळांना विटांची घरं देतो, शाळा काढतो, आणि हे सगळं तो स्वतः अभिमानाने सांगतो. त्याच कुळांना तो पैसे देत नाही, गुलाबी चिठ्ठ्या देतो ज्या फक्त त्याच्याच दुकानात चालतात. मुलींवर अत्याचार करतो. ब्लांका ज्याच्यावर प्रेम करते त्या पेद्रो तेर्सेरोची तीन बोटं तो कुऱ्हाडीने तोडतो, एका गाणाऱ्या माणसाची. आणि तरी तो नातीच्या बाबतीत मऊ होतो तेव्हा आपलाही गळा दाटतो.

फेरुला त्याला शाप देते की तुझं शरीर आणि आत्मा आक्रसत जाईल. तो खरंच बुटका होत जातो, बूट मोठे व्हायला लागतात. डॉक्टर मोजून म्हणतात, असं काही नाही. त्याला मात्र माहीत असतं. त्याला माफ करायचं की नाही ते कादंबरी ठरवून देत नाही, ती त्याला बोलायला जागा देते आणि पांचालाही विसरू देत नाही.

हिंसा कितपत आहे?

आहे, आणि जास्त आहे. बलात्कार, मारहाण, लहान मुलीशी केलेलं गैरवर्तन, छळ. शेवटची दोन-तीन प्रकरणं रात्री झोपण्याआधी वाचू नका. ज्यांना या गोष्टींचा त्रास होतो त्यांनी कुणाला तरी सोबत घेऊन वाचा किंवा तो भाग सोडून उपसंहाराला जा, मी कुणालाही ‘सगळं वाचलंच पाहिजे’ म्हणत नाही.

इंग्लिशमध्ये वाचू का?

स्पॅनिश येत नसेल तर हो. मॅग्दा बोगिनचा १९८५ चा इंग्लिश अनुवाद आहे, वाक्यं लांब आहेत पण शब्द अवघड नाहीत.

सिनेमा बघितला तर चालेल?

१९९३ चा आहे, बिले ऑगस्टचा, मेरिल स्ट्रीप क्लारा, जेरेमी आयर्न्स एस्तेबान, ग्लेन क्लोज फेरुला. ग्लेन क्लोजसाठी बघा, तिची फेरुला बघून मला त्या बाईचा एकटेपणा नव्याने कळला. पण सिनेमात ब्लांका आणि आल्बा यांच्या गोष्टी एकत्र केल्यात, म्हणजे एक पिढीच गेली, आणि पिढी गेली की वह्या आजीकडून नातीकडे जाण्यातला अर्थच जातो. पुस्तकाऐवजी नको.

संपली. आता काहीच वाचवत नाहीये, काय करू?

आठवडाभर काहीच वाचू नका, ठीक आहे ते. मग ‘पॉला’ घ्या. १९९४ चं पुस्तक, अलेंदेची मुलगी आजारी पडून बेशुद्धावस्थेत असताना तिच्या उशाशी बसून लिहायला घेतलेलं, त्यात खरी आजी, खरे आजोबा, ते स्वयंपाकघर, सगळं भेटतं. निवेआची आठवण येत असेल तर ‘पोर्ट्रेट इन सेपिया’मध्ये ती तरुणपणी दिसते. आणि घराण्याची गोष्ट नको पण मेलेली माणसं बोलताना ऐकायची असतील तर हुआन रुल्फोची ‘पेद्रो पारामो’, १९५५ ची, लहानशी, एका दिवसात संपेल.

दुसऱ्यांदा वाचताना काय बघू?

आधी, शेवटचं वाक्य वाचलं की पुस्तक मिटू नका, लगेच पहिलं पान उघडा. का ते तिथे गेल्यावर कळेल.

मग वस्तू बघा. रोझाचे हिरवे केस पुढे कुणाच्या डोक्यावर येतात. निवेआच्या मृत्यूनंतर टोपीच्या पेटीत काय ठेवलं जातं आणि ती पेटी तळघरात किती वर्षं पडून राहते. एस्तेबान तरुणपणी त्रान्सितो सोतो नावाच्या मुलीला पन्नास पेसो उसने देतो, अगदी ओझरतं वाक्य आहे, माझ्या प्रतीत त्याच्याखाली आता पेन्सिलची रेघ आहे. आणि क्लारा जिथे जिथे वही उघडते तिथे थांबून बघा की ती त्या दिवशी नेमकं काय लिहीत असेल, कारण ते वाक्य तुम्ही आधीच वाचलेलं असतं.